गुलाबी त्रिकोणासमोर ज्येष्ठांची सहल

उन्हाळा लागला की मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावात आई-बाबांचं पीक येतं. मे महिन्यात पुण्या-मुंबई-नागपूरहून विमानं भरभरून येतात, आणि संध्याकाळी घरांसमोरच्या फुटपाथवर साडीखाली स्पोर्ट्स शूज घातलेल्या काकू आणि भर उन्हातही स्वेटर न सोडणारे काका फिरायला लागतात. सहा महिन्यांचा मुक्काम. पहिला महिना कौतुकात जातो, दुसऱ्यात नायगारा उरकतो, आणि तिसऱ्या महिन्यात ही माणसं खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायला लागतात. मुलगा ऑफिसात, सून ऑफिसात, नातवंडं इंग्रजीत. म्हणून आमचं मराठी मंडळ दर जुलैत ज्येष्ठांची सहल काढतं. पिवळी स्कूलबस भाड्यानं घ्यायची, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधून घ्यायची, आणि सगळ्यांना कुठेतरी नेऊन आणायचं.

मोटारींचं म्युझियम सगळ्यांचं पाहून झालं होतं. मग कोणाला तरी आठवलं की तासाभरावर एक छोटं म्युझियम आहे, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचं, आणि तिथे रविवारी गाइडचं काम करणारा आपलाच एक मुलगा आहे. तो मुलगा म्हणजे मी. वय पंचेचाळीस, काम गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिण्याचं. मंडळात लग्न न झालेला पुरुष टक्कल पडलं तरी मुलगाच राहतो.

मी तिथे गाइड का झालो, असं कोणी विचारलं तर मी इतिहासाची आवड असं सांगतो. ते खोटं आहे. शाळेत मला इतिहासात जेमतेम मार्क पडायचे. खरं कारण आमच्या पुण्याच्या घरातलं जेवणाचं टेबल. आमच्या घरात, आमच्याच कशाला, ओळखीच्या बहुतेक घरांत, त्या मिशीवाल्या जर्मन हुकूमशहाबद्दल एक छुपं कौतुक होतं. बस उशिरा आली, सरकारी कचेरीतला कारकून जागेवर नसला, की बाबा म्हणायचे, ‘या देशाला तसाच एक माणूस पाहिजे. महिन्याभरात सगळे ताळ्यावर येतील.’ जेवायला आलेले पाहुणे माना डोलवायचे आणि आमटी वाढून घ्यायचे. मीही डोलवायचो. ताळ्यावर आणायच्या माणसांत आपणही आहोत हे मला कॉलेजात असताना कळलं, आणि तेव्हापासून त्या वाक्यावर माझं डोकं तापलेलंच आहे. बाबा जाऊनही बरीच वर्षं झाली, त्यांच्याशी हे भांडण करायचं राहून गेलं. मग मी ते दर रविवारी अनोळखी अमेरिकन लोकांसमोर इंग्रजीत करतो.

आता घरातली गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझ्या घरात मी एकटा राहत नाही. नऊ वर्षं एक माणूस माझ्याबरोबर राहतो. तो इथलाच, मिशिगनचा. शाळेत मुलांना बँड शिकवतो, स्वतः ट्रॉम्बोन हे पितळी तुतारीसारखं वाद्य वाजवतो, आणि स्वयंपाक माझ्यापेक्षा बरा करतो. आम्ही लग्न केलेलं नाही, पण लग्नात असतं ते सगळं आमच्यात आहे. एकच पलंग, एकच बँक खातं, आणि हीटर किती ठेवायचा यावरून रोजची भांडणं. फक्त आई आली की तो तळघरात जातो.

आई दर दोन वर्षांनी येते. ती यायच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं त्याचे कपडे, त्याची औषधं, त्याची उशी आणि तो ट्रॉम्बोन जिन्यानं खाली नेतो. हॉलमधले आमचे फोटो उतरवून तिथे डोंगरांची आणि तळ्यांची चित्रं लावतो. आईला सांगितलंय की तो भाडेकरू आहे, अमेरिकेत एकट्याला घराचा हप्ता झेपत नाही म्हणून बेसमेंट भाड्यानं दिलंय. तिला ते लगेच पटलं, कारण पुण्यात आमच्या वरच्या खोलीतही कायम कोणीतरी भाडेकरू असायचाच. संध्याकाळी ती त्याच्यासाठी ताटात पोळी-भाजी वाढते, जिन्याच्या तोंडाशी ठेवते आणि खाली हाक मारते, ‘मिस्टर, फूड.’ तो वर येतो, ‘थँक यू, काकू’ म्हणतो आणि ताट घेऊन खाली जातो. काकू म्हणायला मीच शिकवलं. म्हणजे माझा माणूस माझ्याच घरात ताट घेऊन खाली जातो, आणि मी वर आईसमोर बसून दुसरी पोळी वाढून घेतो. पहिल्या खेपेला आम्ही रात्री फोनवर कुजबुजत यावर हसलो होतो. दुसऱ्या खेपेला हसू कमी झालं. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही. ही चौथी खेप होती.

त्यात या वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या शाळेत एक प्रकार झाला. त्याच्या टेबलावर आम्हा दोघांचा एक फोटो असायचा, तळ्याकाठी काढलेला, दोघांच्या हातात भाजलेली कणसं. कुणा पालकानं तक्रार केली. मुख्याध्यापिकेनं त्याला बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं की सध्याचं एकूण वातावरण बघता फोटो घरी नेलास तर बरं. त्यानं आणला. त्याच आठवड्यात मी त्याला सांगितलं की आईचं तिकीट झालंय.

तो फोटो हातात धरून स्वयंपाकघरात उभा होता. मग म्हणाला, ‘शाळेत ठेवायचा नाही, घरात लावायचा नाही. मी नेमका राहू कुठे?’

मी काहीतरी पुटपुटलो, आईच्या वयाबद्दल, आईच्या बीपीबद्दल. बीपी हे आम्हा मराठी मुलांचं फार सोयीचं दैवत आहे. जे करायची छाती होत नाही ते त्याच्या पायाशी नेऊन ठेवायचं.

‘ठीक आहे,’ तो म्हणाला. ‘या वेळीही खाली जातो. पण परत वर येईन असं धरून चालू नकोस.’

तो कधी आवाज चढवत नाही, म्हणूनच त्याच्या अशा बोलण्याची मला भीती वाटते. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. आई आली, तो खाली गेला, आणि माझं कशात लक्ष लागेना. मीटिंग चालू असताना मी टेबलाखाली पाय हलवत बसायचो. घरी आलो की कचऱ्याचा डबा बाहेर नेण्याच्या निमित्तानं गॅरेजमध्ये जाऊन फेऱ्या मारायचो. खालून ट्रॉम्बोनचा आवाज आला की वाटायचं, आहे अजून. आई म्हणायची, ‘भाडेकरूचा भोंगा सुरू झाला,’ आणि टीव्हीचा आवाज वाढवायची. मग एक दिवस तो आवाज बंद झाला. आईनंच विचारलं, ‘ताट तर नेतो, पण बरा आहे ना रे तो?’ मी म्हणालो, ‘असेल.’ खाली जाऊन बघायचं माझं धाडस झालं नाही. आईला सांगून टाक, इतकं साधं होतं ते, हे मलाही दिसत होतं. कळत होतं पण वळत नव्हतं.

सहलीच्या दोन दिवस आधी मंडळाच्या सहलींचं काम बघणाऱ्या बाईचा फोन आला. ती माझ्याच वयाची, मुंबईची, उत्साहानं फसफसणारी बाई आहे.

‘ऐक ना, टूर दीड तासात बसव हं. लंच लेट झाला की काका लोकांची शुगर ड्रॉप होते.’

‘बसवतो.’

‘आणि यार, तिथे ते एक सेक्शन आहे ना, पिंक ट्रँगलवालं? मी वेबसाइटवर बघितलं. ते स्किप कर.’

‘का?’

‘अरे, सीनियर्स आहेत. उगाच ऑकवर्ड होईल. मला काहीच प्रॉब्लेम नाही, तुला माहितीये. पण कशाला? तुझी आई पण येतेय ना? झाकली मूठ सव्वा लाखाची.’

तिला माझ्याबद्दल ठाऊक आहे. मंडळात सगळ्यांनाच ठाऊक आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला तो माझ्याबरोबर येतो, चकल्यांच्या परातीशी उभा राहून फराळ वाढतो, आणि सगळे त्याला ‘तुझा फ्रेंड’ म्हणतात. आमच्याकडे जे सगळ्यांना माहीत असतं ते कोणी बोलत नाही. मी ‘बरं’ म्हणालो. इतक्या चटकन म्हणालो की फोन ठेवल्यावर माझा मलाच राग आला, आणि मी कारण नसताना डिशवॉशर रिकामा करून पुन्हा भरला.

सहलीचा दिवस शुक्रवार होता. बसमध्ये गाण्याच्या भेंड्या झाल्या आणि म्युझियमच्या दाराशी पोचताच सगळे गप्प झाले. मी मराठीतून पहिल्यांदाच बोलणार होतो. सुरुवातीच्या दालनात निवडणुका, भाषणं, मोर्चे यांचे फोटो आहेत. तिथे साताऱ्याकडचे एक निवृत्त इंजिनियर काका, मुलीकडे आलेले, हात मागे बांधून सगळं नीट वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, ‘केलं ते वाईटच केलं. पण एक मान्य करायला पाहिजे. शिस्त. त्यांचे रस्ते बघा, कारखाने बघा.’

बाबांचंच टेबल, बाबांचीच आमटी. मी दात आवळून पुढच्या दालनाकडे हात केला. दुकानांच्या फुटलेल्या काचा, वस्त्यांच्या भिंती, मग ज्यूंना छावण्यांत नेणारी ती मालगाडी. नागपूरच्या एका काकूंनी पदर तोंडाला लावला. माझी आई त्यांच्या शेजारी चालत होती. आई पुण्यातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. फळ्यासमोर उभं राहायची सवय असल्यामुळे तिला घाईनं पुढे सरकता येत नाही, प्रत्येक ओळ ती चष्मा वर-खाली करत वाचते.

छावण्यांच्या दालनात कोपऱ्यात काचेच्या कपाटात एक पट्ट्यापट्ट्यांचा कैद्याचा डगला आहे, छातीवर कापडी त्रिकोण शिवलेला. मी रविवारी तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबतो. त्या दिवशी मी दुरूनच हात केला आणि म्हणालो, ‘ते इतर कैद्यांचं आहे. वेळ कमी आहे, आपण पुढे जाऊ या.’ मंडळाच्या बाईनं मागून अंगठा वर केला.

सगळे पुढे आले. आई आली नाही.

‘हा त्रिकोण गुलाबी का रे?’ ती डगल्यासमोर उभी राहून म्हणाली. ‘मघाच्या पाटीवर पिवळे होते, लाल होते. हा कोणाचा?’

‘वेगळे कैदी होते ते, आई.’

‘वेगळे म्हणजे?’

माझ्या आधी काका बोलले. ‘गुन्हेगार असतील. चोर-दरोडेखोर. त्यांना तर आत टाकायलाच हवं. मी तेच म्हणत होतो, शिस्त.’

माझं डोकं सटकलं. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात, नुसता संताप होता. मी मागे वळलो आणि त्या कपाटापाशी येऊन उभा राहिलो.

‘गुन्हेगारच होते, काका. कायद्यानं गुन्हेगार. गुन्हा काय, तर पुरुषानं पुरुषावर प्रेम करायचं. समलिंगी पुरुष होते हे.’

दालनात माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा फार मोठा आला. हा शब्द मी आईसमोर आजवर उच्चारला नव्हता. इंग्रजीत मी या कोपऱ्यात इतक्या वेळा बोललोय की झोपेतही बोलू शकेन. मराठीत बोलायला लागलो आणि ते सगळं एकदम आमच्या गल्लीत घडायला लागलं. पण मी थांबलो नाही.

मी सांगितलं की कायदा जुनाच होता, नाझींच्या आधीपासूनचा. मोठ्या शहरांत तो असून नसल्यासारखा झाला होता. बर्लिनमध्ये या लोकांचे कॅफे होते, नाचघरं होती, मासिकं निघत. त्यांना वाटायला लागलं होतं की आता आपलं बरं चाललंय. मग राजवट बदलली. बघता बघता दारांना कुलपं लागली. तो जुना कायदा आणखी कडक झाला, नुसतं बघणं आणि हात लावणंसुद्धा त्यात बसू लागलं. पोलीस एकाला धरायचे, तो दुसऱ्यांची नावं सांगेपर्यंत मारायचे, मग त्या दुसऱ्यांना धरायचे. पोलिसांना माणसं शोधत फार हिंडावंही लागायचं नाही. शेजारी येऊन सांगायचे. ऑफिसातले सहकारी सांगायचे. खोली भाड्यानं देणारी घरमालकीण सांगायची, दोघं राहतात आणि पलंग एकच वापरतात.

‘मग एकत्र राहणारे वेगळे राहायला लागले,’ मी म्हणालो. ‘पत्रं जाळली. भिंतीवरचे फोटो उतरवले.’ इथे माझी जीभ अडखळली. मी काचेकडे बघून बोलत राहिलो. ‘कोणी शहर सोडून गेलं. कोणी रस्त्यात समोरासमोर आलं तरी ओळख दाखवेना.’

नागपूरच्या काकू हळहळल्या. ‘आईबापांनी वेळेवर लग्नं लावून दिली असती तर वाचली असती बिचारी.’

‘लावली ना, काकू. कितीतरी जणांनी घाबरून लग्नं केली.’

‘आणि त्या मुलींचं काय?’ हे माझी आई म्हणाली. काकूंकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाली. मी तिच्याकडे वळून पाहिलं, कारण काही वर्षांपूर्वी आईनं माझ्यासाठी स्थळं आणणं एका दिवसात बंद केलं होतं, आणि का ते मी कधी विचारलं नव्हतं.

मग मी छावणीतलं सांगितलं. दगडाच्या खाणी, सगळ्यात जड कामं. बाकीचे कैदीही यांच्यापासून चार हात लांब राहायचे. तिथेही यांना कोणी आपलं म्हणत नव्हतं.

‘सुटल्यावर?’ आईनं विचारलं.

‘सुटल्यावर काय, राजवट गेली आणि कायदा तसाच राहिला. काहींना छावणीतून काढून उरलेली शिक्षा भोगायला परत तुरुंगात घातलं. बाकीच्यांना भरपाई मिळाली, यांना कित्येक वर्षं मिळाली नाही, कारण कागदावर हे गुन्हेगार. घरी गेले त्यांतल्या पुष्कळांनी आपण कुठे होतो ते मरेपर्यंत सांगितलं नाही.’

‘घरच्यांनी विचारलं नाही?’

‘विचारल्याचं मी फारसं वाचलेलं नाही.’

‘हं,’ आई म्हणाली. तिचं हे ‘हं’ फळ्यासमोर तयार झालेलं आहे. उत्तर बरोबर की चूक ते त्यातून समजत नाही, तपासलं गेलं एवढंच समजतं.

काकांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, परत ठेवलं. ‘आपल्याकडेही होता ना असा कायदा? इंग्रजांच्या वेळचा?’

‘होता. काही वर्षांपूर्वीपर्यंत होता.’

‘असं,’ काका म्हणाले. शिस्तीबद्दल त्यांनी पुढे काही म्हटलं नाही, पण त्यांचं मत बदललं असंही मला वाटत नाही. पुढच्या दालनात ते बाकावर जाऊन बसले.

आत खायला परवानगी नाही म्हणून जेवणं जवळच्या बागेत झाली. मंडळाच्या बाईनं माझ्या हातात पुऱ्यांची प्लेट दिली आणि हळूच म्हणाली, ‘स्किप कर म्हटलं होतं ना मी.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘एनी वे. दोन काकूंनी त्या पिंक ट्रँगलच्या बोर्डाचा फोटो काढलाय.’ मी पुरी मोडत बसलो. आई लांबच्या टेबलावर नागपूरच्या काकूंना लोणचं वाढत होती. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि डोळे मिटून घेतले. मी पुढच्या सीटवर नुसता चुळबुळत होतो. फोन काढून त्याला मेसेज लिहिला, ‘आईला सांगितलं.’ पाठवणार तेवढ्यात पुसला. सांगितलं कुठे होतं? जर्मन माणसांबद्दल सांगितलं होतं. पुन्हा लिहिलं, ‘बोलायचंय.’ तेही पुसलं. बस थांबली तेव्हा फोन घामानं ओला झाला होता.

कारमध्ये आई एवढंच म्हणाली, ‘थर्मास घेतलास ना?’ मी म्हणालो, ‘मागे आहे.’ घर येईपर्यंत मी दोन वेळा वळण चुकलो. रोजचा रस्ता.

घरात शिरल्यावर आईनं पर्स टेबलावर ठेवली, चपला काढल्या, आणि सरळ जाऊन बेसमेंटचं दार उघडलं.

‘दिवा कुठे आहे ह्याचा?’

‘कुठे चाललीस?’

‘खाली.’

‘आई, तुझे गुडघे.’

‘गुडघे माझे आहेत.’

इतक्या खेपा झाल्या, आई खाली कधी गेली नव्हती. भाडेकरूच्या खोलीत घरच्यांनी डोकवायचं नाही, ही आमच्याकडची जुनी शिस्त. कठड्याला धरून, आडवी होत होत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत ती उतरली. मी मागे होतो. तिला धरावं की थांबवावं ते मला समजत नव्हतं, म्हणून दोन्ही हात पुढे करून नुसता चालत होतो.

तो जमिनीवर गुडघे टेकून बसला होता. समोर खोके होते. काही चिकटपट्टी लावून बंद केलेले, एकात संगीताची पुस्तकं भरणं चालू. भिंतीशी ट्रॉम्बोनची पेटी पट्टा बांधून उभी. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी महिनाभर जिन्याच्या तोंडाशी उभा राहून कानोसा घेत होतो आणि खाली माझं घर खोक्यांत चाललं होतं.

‘उद्या तुला सांगणार होतो,’ तो आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला. ‘शाळेजवळ एक फ्लॅट मिळालाय.’

आई पलंगाच्या कडेवर टेकली. दम लागला होता तो ओसरेपर्यंत तिनं खोली पाहून घेतली. छताजवळची ती आडवी छोटी खिडकी, तिच्यातून दिसणारं गवत, दोरीवर वाळत घातलेले त्याचे शर्ट.

‘हा इथे कधी राहतो?’ तिनं मला विचारलं.

‘तू असतेस तेव्हा.’

‘आणि मी नसते तेव्हा?’

मी दोरीवरच्या शर्टांकडे बघितलं.

‘मी विचारतेय.’

‘वर. माझ्याबरोबर.’

‘म्हणजे हे माझ्यासाठी.’

‘आई, तुझं बीपी असतं, तुला त्रास...’

‘माझं बीपी मध्ये आणू नकोस. मी सांगितलं होतं तुला, ह्याला खाली ठेव? एकदा तरी म्हणाले होते? तिथे मोठ्यानं सांगत होतास, शेजाऱ्यांनी काय केलं, घरमालकिणीनं काय केलं. आणि इथे माझं नाव पुढे करून ह्या माणसाला तळघरात घातलंस. मी रोज ताट वाढून जिन्यावर ठेवतेय, मिस्टर फूड म्हणतेय. मला घरमालकीण करून ठेवलंस तू.’

आई रडली नाही. ती ताठ झाली होती, शाळेत कॉपी करणारी मुलगी सापडली की व्हायची तशी. ‘मला हे सगळं आवडलंय असं समजू नकोस,’ ती म्हणाली. ‘मला काय वाटतंय ते माझं मलाच अजून समजलेलं नाही. माझं मी बघेन. पण मी विचारलं नाही ही माझी चूक, आणि मला विचारूच दिलं नाहीस ही तुझी.’

त्याला मराठी येत नाही. तो आळीपाळीनं आमच्याकडे बघत होता. मग त्यानं मला हळू आवाजात विचारलं, ‘काकू चिडल्यात का? माझं काही चुकलं का?’

नऊ वर्षांनी, स्वतःच्याच घरात, स्वतःचं सामान बांधताना तो मला हे विचारत होता. मी आईकडे वळलो आणि म्हणालो, ‘आई, मी तुला केव्हाचं सांगणार होतो, हा माझा...’

आईनं हात वर केला. ‘मला समजलंय. मला नको सांगूस. त्याला सांग. माझ्यासमोर, आणि त्याला कळेल अशा भाषेत.’

मी सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून. हा भाडेकरू नाही, कधीच नव्हता. हे घर ह्याचं आहे. माझं ह्याच्यावर प्रेम आहे, आणि आईचं निमित्त करून मी ह्याला इतकी वर्षं खाली ढकलत आलो. म्युझियममध्ये आवाज मोठा आला होता. इथे तो फुटत नव्हता, मध्येच खाकरावं लागलं.

मला वाटलं होतं, तो उठेल आणि मिठी मारेल. सिनेमे बघून बघून आपल्याला तसंच वाटतं. तो उठला नाही. चिकटपट्टीचं टोक सापडत नव्हतं, ते नखानं शोधत म्हणाला, ‘तू हे एप्रिलमध्ये म्हणाला असतास तर,’ आणि गुंडाळी हातात फिरवत राहिला.

मग आई पलंगावर थोडी सरकली, शेजारच्या चादरीवरून हात फिरवून ती सारखी केली, आणि त्याला म्हणाली, ‘सिट.’ त्यानं चिकटपट्टी खाली ठेवली आणि तो जाऊन तिच्याशेजारी बसला. आईनं त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला, तिला येत होतं तेवढ्या इंग्रजीत त्याच्याशी बोलायला लागली, त्याची आई कुठे असते, काय करते, तिला हे ठाऊक आहे का. मी पायरीवरच उभा होतो. मला कोणी बस म्हणालं नाही.